पेडलच्या रबरातला खळगा

झिजलेल्या पार्टवरून गाडी चालवणारा माणूस कसा असेल हे सांगायची मला खोड होती. ब्रेकचे शू जळून काळे पडलेले दिसले की म्हणायचं, हा गडी उशिरा ब्रेक मारतो, घरीही सगळं उशिराच करत असणार. गिअरच्या दांड्याची मूठ एकाच बाजूने खरवडलेली असली की याच्या बोटात मोठी अंगठी आहे. गिऱ्हाइकं हसायची. माझे धाकटे दीर मात्र वैतागायचे, कारण एकदोघांना ते लागलं होतं आणि ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नव्हते.

दुकान बंगळूरला, जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीत. आम्ही जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचे सुटे भाग विकायचो. दोन सीटच्या, लांब नाकाच्या, कापडी छपराच्या गाड्या. नव्वदच्या सुमारास अशा गाड्या शहरात मोजक्याच होत्या, पण ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्यांचं पोटच्या पोरासारखं वेड होतं. त्यांचे पार्ट बाहेरून मागवायचे तर वर्ष जायचं. म्हणून कुठल्यातरी मेलेल्या गाडीतून काढायचे, टॅक्सीचे जुळतात का बघायचे, नाहीतर सॅम्पल देऊन नवे करून घ्यायचे. सॅम्पल म्हणजे गिऱ्हाइकाने आणलेला जुना पार्ट. तो बघून ओळख पटवायची, त्याच्या जोडीचा द्यायचा, आणि जुना बहुतेक वेळा आमच्याच खोक्यात पडायचा.

हे सगळं मला आमच्या ह्यांनी शिकवलं. लग्न होऊन निपाणीहून या घरात आले तेव्हा मला चाकं चार असतात एवढंच माहीत होतं. हे एकेक पार्ट माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आधी पाठ बघ. तोंड झिजतं, पाठीवरचा नंबर राहतो." तीन वर्षांत मी डोळे मिटून गॅस्केट ओळखायला लागले. मग एका सकाळी हे एक गिअरबॉक्स बघायला मद्रासला म्हणून गेले आणि परत आले नाहीत. पोलीस झाले, इस्पितळं झाली, रेल्वेच्या कचेऱ्या झाल्या. ज्या माणसाकडे गिअरबॉक्स होता तो म्हणाला, वाट बघितली, कोणी आलं नाही. वर्षभराने अत्तेंनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत, पार्टच्या खोक्यांसमोर नेऊन बसवलं. आमच्या घरात सासूला कन्नडसारखं अत्तेच म्हणतात. "घरात बसून झुरण्यापेक्षा इथं बस," म्हणाल्या. त्या गल्लीत माल ओळखणारी बाई मी एकटीच होते, आणि पुढे लोक दिरांना सोडून मला विचारायला लागले, याचा मला गर्व होता. उगाच नाही म्हणणार नाही.

अकरा वर्षं मी कुंकू लावत होते, जोडवी घालत होते. कुणी विचारलं तर गावाला गेलेत म्हणायची वेळ कधीच टळून गेली होती. लोक विचारायचेच बंद झाले.

आमच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारा मेस्त्री होता. स्वतःचं गॅरेज नाही, पाचसहा हौशी मालकांच्या गाड्या बघायचा. देवनहळ्ळीकडच्या कुण्या साहेबांच्या गाडीसाठी त्याने आमच्याकडून क्लच पेडलचं नवं रबर नेलं. हातावर मावेल एवढा काळा चौकोनी तुकडा, वर आडव्या पट्ट्या, पाठीवर नंबर. विकलेल्या प्रत्येक रबराच्या पाठीला मी दाभणाने दोन टोचे मारायचे, म्हणजे उद्या कुणी दुसऱ्याचा माल माझा म्हणून परत आणला तर कळावं. हे मी पुढे सांगते त्या दुपारच्या साधारण दीड वर्ष आधीचं.

त्यानंतर वर्षाने मेस्त्री त्याच गाडीचं क्लचचं बेअरिंग घेऊन आला. या गाड्यांत ते ग्रॅफाइटचं कडं असतं, पेन्सिलीच्या शिशासारखं. माणूस नीट चालवणारा असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. हे जळून पापडासारखं पातळ झालं होतं.

"मेस्त्री, तुमचे साहेब क्लचवर पाय ठेवून झोपतात काय?"

"काय सांगू अक्का. पूर्वी असं नव्हतं."

मी हसले, कडं दिलं, आणि मेस्त्री गेल्यावर ते जळकं कडं हातात धरून बसून राहिले. आमच्या ह्यांचीच ती खोड. डावा पाय क्लचवरून कधी उचलायचेच नाहीत. आमच्याकडे तेव्हा एक लहान दोन सीटची गाडी होती, ह्यांनीच पार्ट जमवून उभी केलेली, आणि तिची कडी हे दर वर्षाला जाळायचे. चपला काढून सीटखाली सारायच्या, टाच खाली टेकवायची आणि नुसत्या बोटांनी पेडल दाबून धरायचं. मी बाजूला बसून तो पाय बघत राहायची. लहानपणी सायकलच्या साखळीत सापडून त्या पायाचं दुसरं बोट मोडलं होतं, ते अंगठ्याखाली वळलेलं होतं. पण क्लचवर पाय ठेवणारे शंभर असतात. मी कडं खोक्यात टाकलं.

सहा महिन्यांनी मेस्त्री पुन्हा आला. दुपारची वेळ होती, दीर जेवायला गेले होते, गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पेडलचं रबर पुढे ठेवलं. "झिजलं. स्वल्प बघा अक्का, असलंच द्या."

सवयीप्रमाणे मी आधी पाठ बघितली. नंबर होता. नंबराखाली माझेच दोन टोचे होते. म्हणजे दीड वर्षापूर्वी मी दिलेलंच रबर. मग मी ते उलटं केलं.

पट्ट्या गुळगुळीत झाल्या होत्या. मधोमध एक खोल वाटोळा खळगा होता, आणि त्याला चिकटून, डाव्या अंगाला, नखाएवढा दुसरा. मी त्यात माझा अंगठा ठेवला. पत्रा ठोकायचा आवाज चालूच होता, पण मला तो फार लांबून यायला लागला. असा खळगा जगात एकाच पायाचा पडत होता. आणि हे रबर दीड वर्षापूर्वी माझ्या हातून कोरं गेलं होतं.

"मेस्त्री, ही गाडी कोण चालवतं?"

"साहेबच. दुसरं कोण चालवणार?"

"कसे आहेत दिसायला?"

तो म्हणाला, "साहेबासारखे." मी नवं रबर दिलं. त्याला टोचे मारताना दाभण माझ्या बोटात गेलं.

जुनं रबर मी पदरात गुंडाळून घरी आणलं आणि माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवलं. कुणालाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं कारण चांगलं नाही, पण सांगते. देवनहळ्ळीला आमच्या चामराजपेटेतून बसने दोन तासही लागत नाहीत. माणूस मेला असेल तर मी विधवा. पण तो तिथे बागेच्या हवेत गाडी फिरवत असेल तर मी कोण? अकरा वर्षं मी रोज तो यावा म्हणून दिवा लावला होता, आणि आता तो असेल या भीतीने मला जेवण जाईना. झोपेत पायावर कुणी पाय ठेवल्यासारखं वाटायचं. जागी होऊन बघितलं तर माझाच डावा पाय उजव्यावर असायचा, तरी अंगावर काटा यायचा.

त्याच महिन्यात अत्तेंनी गुरुजींना बोलावलं. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की त्याला गेला असं धरून क्रिया करतात, आणि ह्यांचं बारावं वर्ष आता भरत होतं. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. गुरुजी यादी सांगत होते आणि दीर लिहून घेत होते. डोक्याला चाळीस पानं, मानेला दहा, पायाच्या बोटांना दहा, अशी सगळी मिळून तीनशे साठ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. आयुष्यभर मी पार्टच्या याद्या केल्या, पण माणसाची यादी पहिल्यांदाच ऐकली. गुरुवार ठरला, श्रीरंगपट्टणला, कावेरीच्या काठावर. त्या दिवशी माझं कुंकू आणि जोडवी उतरणार होती. अत्ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मी दिरांना सांगितलं की देवनहळ्ळीच्या गाडीचा एक नंबर जुळत नाही, समोर बघितल्याशिवाय पार्ट देता येणार नाही. दीर म्हणाले, मेस्त्रीला पाठव की. मी म्हटलं, मेस्त्रीला चष्मा लागलाय. मग मेस्त्रीकडून पत्ता घेतला, पिशवीत माप घ्यायचा कॅलिपर टाकला आणि मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस धरली. खिडकीतून द्राक्षांचे मांडव दिसत होते, आणि मी मनात एकच वाक्य घोकत होते. ते वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही.

चकोतऱ्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागेत बसकं दगडी घर होतं. व्हरांड्यातून एक माणूस उतरला. सत्तरीचा, उंच, गोरा, पांढऱ्या मिश्या. मळ्याची नोकरी करून निवृत्त झालेला. आमच्या ह्यांच्या नखाचीही सर त्याला नव्हती, म्हणजे साम्य नव्हतं एवढंच म्हणायचंय.  त्याने पाणी मागवलं.

"मेस्त्री म्हणाला होता बाई येतील," तो हिंदीत म्हणाला. "गाडी शेडमध्ये आहे."

शेडमध्ये दुसरं कुणी आहे का हे बघण्यासाठी मी त्याच्या पुढे चालले. कुणी नव्हतं. हिरवी गाडी होती, फार निगेची. मी पेडलकडे बघितलं. माझं नवं रबर बसवलेलं होतं.

"सर, ही फक्त तुम्हीच चालवता?"

"तीस वर्षं. माझ्याशिवाय कुणी नाही."

"जरा चालू करून दाखवता? क्लच बघायचाय."

तो दार उघडून सीटवर टेकला आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही बूट सीटखाली सारले. मग टाच खाली टेकवली आणि बोटं पेडलवर ठेवली. मी बाजूला उभी होते. तो पाय म्हाताऱ्याचा होता, निळ्या शिरांचा, बोटं सरळ. दुसरं बोट जागेवर होतं. इंजिन चालू झालं, त्याने गिअर टाकला, गाडी हातभर पुढे घेऊन थांबवली, तरी पाय पेडलवरच होता.

"पाय काढा ना सर," मी म्हटलं. 

त्याने खाली बघितलं आणि ओशाळून हसला. "ही नवीनच सवय लागलीय. जन्मभर बूट घालून चालवली, क्लचवर कधी पाय ठेवला नाही. गेल्या वर्ष-दीड वर्षात काय झालंय कोण जाणे. बूट घालून बसलो की पाय कुठेतरी चुकल्यासारखा वाटतो. काढले की बरोबर बसतो. आणि बसला की उचलावासा वाटत नाही."

 मी कॅलिपर काढून कशाचं तरी माप घेतलं, कशाचं ते आठवत नाही. चहा नको म्हणून निघाले.

हेब्बाळला बस बदलताना माझं डोकं चालायला लागलं. ते वर्ष-दीड वर्ष कशापासून मोजायचं? माझं रबर बसवलं तेव्हापासून. पाय त्याचा, खळगा आमच्या ह्यांचा. मग खळगा त्या पायाने पाडलेलाच नव्हता. तो रबरातच होता. मी घरी न जाता यशवंतपूरला उतरले.

पेडलची रबरं आम्हाला यशवंतपूरचा एक रबरवाला ओतून द्यायचा. दोन खोल्यांचा कारखाना, गंधकाचा वास, भिंती काजळलेल्या. मी त्याला विचारलं, या रबराचा साचा कशावरून केला होतास?

"तुम्ही दिलेल्या सॅम्पलवरून, अक्का. सहा वर्षं झाली. सॅम्पल झिजलेलं होतं, मध्ये खड्डा होता. मी मेण भरून सपाट केला, मग प्लास्टर घेतलं, त्यावरून ॲल्युमिनियमचा साचा ओतला. मेण थोडं बसलं असणार. पण वर पट्ट्या कोरल्यात, नव्या रबरात काही दिसत नाही."

पट्ट्या झिजल्या की खालचं वर येणारच. मला तो दिवस आठवला. पेडल रबराच्या खोक्यातून मी नंबर सगळ्यात स्वच्छ असलेलं एक निवडलं होतं. पाठ बघितली आणि पुडीत बांधलं. ह्यांची लहान गाडी दिरांनी विकली तेव्हा रबर बदलून जुनं त्या खोक्यात टाकलं होतं, हे मला माहीत होतं. जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांना झिजेवरून ओळखणारी मी, आणि माझ्याच नवऱ्याचं रबर उलटून बघितलं नाही.

"साचा दाखव," मी म्हटलं.

त्याने कपाटातून काढून दोन भाग वेगळे केले. रबरात खळगा, तर साच्यात उंचवटा. पट्ट्यांच्या खाचांमध्ये धातूचा एक वाटोळा फुगवटा होता आणि त्याला लागून नखाएवढा दुसरा. पायाचा अंगठा आणि त्याच्याखाली वळलेलं बोट. सहा वर्षांत या साच्यातून निघालेली रबरं मी बंगळूरला विकली, म्हैसूरला विकली, कोइमतूरला पाठवली. किती माणसांनी बूट काढले असतील, कुणाला ठाऊक.

"खोट आहे ना?" रबरवाला म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. कानशीने घासून देतो."

"शुक्रवारी घास," मी म्हटलं. शुक्रवार का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही.

मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अत्ते मागच्या खोलीत ओल्या फडक्याने पळसाची पानं पुसत बसल्या होत्या. दीर घरात नव्हते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्या म्हणाल्या, "होता का तो तिथं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"तुझ्या ट्रंकेत आहे ते बघितलंय मी. फडकं काढायला गेले होते. ते बोट मीच बांधलं होतं, पट्टीने, तो सात वर्षांचा असताना. नीट बसलं नाही." त्यांनी हातातलं पान बाजूला ठेवलं. "आज तू नंबर बघायला म्हणून गेलीस तेव्हाच कळलं मला. होता?"

"नव्हते, अत्ते."

"नक्की?"

मी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा, बूट, मेण, साचा.  माझं संपल्यावर देव्हाऱ्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

"देव पावला," त्या म्हणाल्या.

आई म्हणून कुणी असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तरी माझ्या मनात नेमकं तेच होतं. तो आम्हाला टाकून गेला नव्हता. तो मद्रासच्या वाटेवर कुठेतरी मेला होता, आमचा असतानाच. मी त्यांच्या शेजारी बसले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडले. त्या रडल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तो साचा अजून आहे?"

"आहे. शुक्रवारी घासायला सांगितलाय."

"उद्या घेऊन चल मला."

बुधवारी सकाळी रिक्षाने गेलो. रबरवाल्याने स्टूल पुसून दिलं. साचा मांडीवर घेऊन अत्तेंनी तो छोटा उंचवटा शोधला, त्यावर बोट ठेवलं, आणि मुलाचं मोडलेलं बोट बांधायला धरतात तसं दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला. धातू होता, धरता येईना.  रबरवाला आधी माझ्याकडे, मग हातातल्या कानशीकडे बघत उभा राहिला.

मग त्यांनी साचा त्याच्यापुढे केला. "सरी, झालं," म्हणाल्या. "शुक्रवार कशाला? आत्ताच घास."